चांदीचं पाणी आणि काढा : तासगावकडच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. व्हिडिओ बघून तुमच्या यजमानांनी घरी नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडल्या, आजेसासूबाईंच्या ठेवणीतले दोन राणीछाप रुपये ग्लासभर पाण्यात सोडले, पाणी 'लवकर धरावं' म्हणून त्यात चिमूटभर मीठ टाकलं. तयार झालेलं चांदीचं पाणी पोह्याच्या दोन चमच्यांनी तुळस, अडुळसा, ज्येष्ठमधाच्या काढ्यात घालून तीन आठवडे घरात सगळ्यांना चाललंय. सासूबाईंना थायरॉईडची गोळी आणि बीपी आहे. सहा वर्षांच्या मुलाला दर पंधरा दिवसांनी खोकला येतो आणि मूळ खटाटोप त्याच्यासाठीच आहे. काढ्यात ते पाणी पडलं की रंग तांबूस-काळपट होतो, म्हणजे औषध 'लागू झालं' का, मुलाला किती द्यावं आणि काढ्याने चांदीचा त्रास मारला जातो का, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. आजपासून ते पाणी बंद करा. मुलाचं तर या घटकेपासून. काढा चालू ठेवता येईल, पण तोही थोडा बदलावा लागेल. तीन आठवड्यांत कायमचं नुकसान झालं असण्याची शक्यता कमी आहे, तेव्हा रात्रीची झोप घालवू नका.

मी विट्यात गेली सव्वीस वर्षं वैद्यकी करतो. चांदीशी ओळख मात्र त्याआधीची आहे. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत, तशी माझे वडीलही होते. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सुट्टीत मी त्यांच्या दुकानात जायचो. तिथली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण तुमच्या ग्लासात जे घडतंय ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय.

अशुद्ध चांदी तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवली की पाण्यासारखा द्रव होतो. त्यात भेसळीचं तांबं असेल तर तो निळसर दिसतो. वडील त्यात मुठीने मीठ टाकायचे. टाकल्याबरोबर आख्ख्या भांड्यात दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा गाळ उतरायचा. ते सिल्व्हर क्लोराईड. चांदीला मिठातलं क्लोराईड भेटलं की ती त्याला धरून तळाला बसते, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तो गाळ उन्हात राहिला की बघता बघता जांभळट, मग करडा होत जायचा. आणि वडिलांची बोटं! चांदीचा द्रव जिथे लागेल तिथे दुसऱ्या दिवशी काळा डाग उमटायचा. साबण, लिंबू, राख, कशालाही न जुमानणारा. कातडीचा तो थर झडला की मगच जायचा. डाग वरच्या कातडीवर होता म्हणून झडला. तोच आतल्या थरात बसला असता तर कुठे झडणार?

आता तुमचा ग्लास बघू. मीठ टाकलंत, म्हणजे बॅटरीने सुटलेली बरीचशी चांदी तिथेच क्लोराईड होऊन बसली. पाणी किंचित दुधाळ झालं असेल आणि खिडकीत ठेवल्यावर करडं पडलं असेल, ते हेच. मीठ न टाकताही बोअरच्या खाऱ्या पाण्यात हेच होतं. आणि समजा पाणी शुद्ध घेतलं, मीठ टाळलं, तरी पोटात काय आहे? हायड्रोक्लोरिक ॲसिड. तिथेही क्लोराईडच वाट बघत बसलेलं असतं. जे थोडं त्यातून सुटून रक्तात जाईल, ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं. त्यामुळे प्रयोगशाळेच्या बशीत चांदीने जंतू मरतात हे खरं असलं, तरी तीच चांदी घोटभर प्यायल्यावर छातीतल्या जंतूंपर्यंत तशीच जिवंत पोचते, हे खरं नाही.

चांदीचं औषधी काम मी नाकारत नाही. भाजलेल्या जखमेवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम कित्येक वर्षं वापरात आहे. 1881 च्या सुमारास जर्मनीत डॉ. क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि आईकडून लागणाऱ्या संसर्गाने येणारं आंधळेपण पुष्कळ कमी झालं. पाण्याच्या काही फिल्टरमध्ये चांदी लावलेला कोळसा असतो. ही सगळी कामं बाहेरची आहेत : जखमेवर, डोळ्यात, भांड्यात. पोटातून घ्यायच्या चांदीच्या पाण्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 मध्येच नियम काढला की कोलायडल सिल्व्हरची, म्हणजे पाण्यात चांदीचे बारीक कण असलेली, दुकानात मिळणारी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. 2020 मध्ये कोरोनावर उतारा म्हणून ते विकणाऱ्यांना तिथल्या सरकारने ताकीदपत्रंही धाडली.

राणीछाप रुपयाचंही ऐका. व्हिक्टोरियाचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी शंभरात साधारण 91.7, उरलेलं मुख्यतः तांबं. वीज लावली की चांदीबरोबर तांबंही पाण्यात उतरतं. आणि घरच्या पुरचुंडीत राणीबरोबर जॉर्ज सहाव्याचे रुपये असतात, ते तर आणखी वेगळे. 1940 पासूनच्या त्या रुपयात चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. एखादा तसला रुपया ग्लासात गेला असेल तर मुलगा निकेलसुद्धा प्यायलाय. पैंजण, जोडवी, लक्ष्मीपूजनाचं नाणं, यांतलं बरंचसं गलाईवाल्याच्या अर्थाने चोख नसतं.

तुम्ही कळवलंय की 'मशीन'वर दहा पीपीएम आलं. ते पाण्याचं टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, असणार. ते पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून आकडा दाखवतं. चांदी आहे, मीठ आहे की तांबं, ते त्याला ओळखू येत नाही. तुमच्या मिठाच्या पाण्यात तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

तरी घटकाभर दहा पीपीएम खरं धरू. म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम चांदी. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. शंभरपट झालं. पोह्याचे दोन चमचे म्हणजे साधारण 30 मिली, त्यात 0.3 मिलिग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रोज पोटात गेली तरी चालेल अशी जी वरची हद्द ठरवली आहे, ती वजनाच्या दर किलोला 5 मायक्रोग्रॅम. तुमचा मुलगा 18 किलोचा धरला तर त्याची हद्द दिवसाला 0.09 मिलिग्रॅम. तुम्ही तिप्पट देताय. आणि ही हद्द 'एवढ्याने गुण येतो' अशी नाही, 'याच्या पुढे कातडी काळवंडण्याचा धोका' अशी आहे. म्हणून 'मुलाला किती द्यावं' याचं माझं उत्तर शून्य आहे, आणि यात घासाघीस नाही.

कातडी काळवंडते म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. या विकाराला आर्जिरिया म्हणतात. शरीरात साठलेली चांदी कातडीच्या आतल्या थरात बसते आणि ऊन लागलं की तिचा रंग पालटतो, अगदी त्या उन्हातल्या गाळासारखा. जुन्या फोटोच्या फिल्मवर चित्र उमटायचं तेही चांदीच्या याच स्वभावामुळे. पुढे तिथे गंधकाशी जोडी जमते आणि तिचा काळपट क्षार होतो. तुमची जोडवी काळी पडतात तीही गंधकाच्या अंशाने. जोडवी चिंच लावून घासता येतात, गाल घासता येत नाहीत. अमेरिकेत मोंटाना राज्यात निवडणुकीला उभे राहिलेल्या स्टॅन जोन्स नावाच्या गृहस्थांचं उदाहरण घ्या. 2000 साल उजाडताना संगणक कोलमडतील, औषधं मिळेनाशी होतील, या भीतीने ते 1999 पासून घरीच चांदीचं पाणी बनवून पिऊ लागले. चेहरा निळसर-करडा झाला तो तसाच राहिला. पॉल कॅरासन यांचं तर सगळं अंगच निळं झालं होतं. ते 2013 मध्ये वारले. दोघांनीही पाणी घरीच केलं होतं, तुमच्यासारखंच, चांगल्या हेतूने. हा रंग सहसा उतरत नाही. लेझरने काही जणांचा थोडाफार फिका होतो, एवढंच.

काढ्यात घातल्यावर रंग का बदलतो, हा तुमचा प्रश्न खरंच चांगला आहे. निरीक्षण अचूक आहे, अर्थ तेवढा उलटा लावलात. तुळस, अडुळसा, चहाची पत्ती यांत टॅनिन आणि तशी तुरट द्रव्यं असतात. ती विरघळलेल्या चांदीला पुन्हा धातूच्या रूपात आणतात, आणि त्याचे फार बारीक कण तयार होतात. म्हणून आधी पिवळट, मग तपकिरी, मग काळपट रंग येतो. तुळशीच्या पानांच्या अर्काने चांदीचे नॅनोकण बनवायचे प्रयोग आपल्याकडच्या महाविद्यालयांतही होतात. व्हिडिओत 'शास्त्रज्ञांनी तुळस आणि चांदी एकत्र करून दाखवलंय' म्हणतात ते हेच. पण त्या प्रयोगात तापमान, प्रमाण, आम्लता, उजेड सगळं मोजून धरलेलं असतं, आणि शेवटी जंतू मरतात ते काचेच्या बशीत. तुमच्या पातेल्यात सोमवारी आलं जास्त पडतं, मंगळवारी लिंबू पिळलं जातं, बुधवारी सैंधव. म्हणजे रोज वेगळ्या आकाराचे, वेगळ्या प्रमाणातले कण. काय प्यायलो हे कुणालाच सांगता येणार नाही, मला तर नाहीच. आणि काढा चांदीचा त्रास मारत नाही. तो फक्त तिचं रूप बदलतो. आत गेलेली चांदी आतच राहते.

'पण वैद्यबुवा, आपल्यात रौप्यभस्म, म्हणजे चांदीचं भस्म, असतंच ना?' हे मला दवाखान्यात आठवड्याला एकदा तरी ऐकावं लागतं. असतं. पण चांदीचे पत्रे तापवून पुन्हा पुन्हा विझवायचे, शोधन म्हणजे शुद्धी करायची, मग पुटं, म्हणजे बंद भांड्यात आंच, द्यायची, शेवटी भस्म बोटांच्या रेषांत शिरतं का, पाण्यावर तरंगतं का, पुन्हा धातू होतो का, हे बघायचं. एवढं सगळं झाल्यावरही ते कुणाला, किती दिवस, कशाबरोबर द्यायचं हा वैद्याचा निर्णय असतो. मी स्वतः ते लहान मुलांना देत नाही. बॅटरीच्या ग्लासाला भस्माची जागा देऊ नका. बाळाच्या उष्टावणाची चांदीची वाटी, मिठाईवरचा वर्ख, याही वेगळ्या गोष्टी. वाटीतून खीर खाताना चांदी वाटीतच राहते. ती वाटी खुशाल वापरा.

आता सासूबाईंकडे येतो, कारण मला त्यांची काळजी मुलाइतकीच वाटते. थायरॉईडच्या गोळीचं शोषण चांदीने कमी होऊ शकतं. काही अँटिबायोटिकचंही तसंच. शिवाय नुसता काढा किंवा चहासुद्धा त्या गोळीबरोबर नको. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास काही नाही. आणि ज्येष्ठमध! हे मी स्वतः चुकून शिकलो. दवाखाना सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी एका आजोबांना घसा बसला म्हणून ज्येष्ठमध दिलं. बीपीची गोळी चालू आहे का, हे विचारायचं राहिलं. ते गोड लागतं म्हणून त्यांनी दोन महिने चघळलं. पायाला सूज आणि बीपी चढलेलं घेऊन आले. ज्येष्ठमध शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम खाली आणतं, बीपी वाढवतं. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर पहिली ओळ 'बीपी?' अशी असते. सासूबाईंच्या काढ्यातून ज्येष्ठमध आजच काढा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला अडुळसा नको.

बाकी काढा करताना आपल्याकडे सरसकट सगळं एकत्र उकळतात, ते बरोबर नाही. सुंठ, ज्येष्ठमधासारखी कठीण द्रव्यं उकळून आटवायची. तुळस, गवती चहा, पुदिना यांचा सुगंध हाच गुण असतो आणि तो वाफेबरोबर उडून जातो. त्यांचा फांट करावा. म्हणजे पाणी उकळून उतरवायचं, त्यात पानं टाकायची, झाकण ठेवायचं, पाच-सात मिनिटांनी गाळायचं. तुमच्या घरासाठी : चार कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं आणि दोन मिरे पाच मिनिटं उकळा, उतरवून तुळशीची दहा-बारा पानं आणि गवती चहाच्या दोन काड्या टाकून झाका. मोठ्यांना अर्धा कप, मुलाला चार चमचे, कोमट झाल्यावर मध घालून. वर्षाच्या आतलं बाळ घरात असेल तर त्याला मध अजिबात नको. रोजचा काढा रोज करा. 'चांदी घातली की चार दिवस टिकतो' म्हणून कुणी साठवत असेल तर तेही थांबवा. टिकवायचाय कशाला? आलं-तुळस घरात आहे की.

आणि आता मुलगा. ताई, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी अगदी सहज लिहून गेलात : 'शेजारीच बेदाण्याचं शेड आहे, द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की खोकला वाढतो, रात्री जास्त.' मी तिथेच थांबलो. बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तो वायू निरोगी माणसाच्या घशालाही झोंबतो आणि नाजूक श्वासनळ्या तर त्याने लगेच आवळतात. शिवाय त्याच दिवसांत ऊस तुटल्यावर पाचट पेटवलेलं असतं. रात्री वाढणारा, हंगामाशी बांधलेला, परत परत येणारा खोकला हा बहुतेक वेळा जंतूंचा नसतोच. बालदमा असू शकतो. त्यावर चांदी काय, अँटिबायोटिकही काम करत नाही. मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, छाती तपासून घ्या. मिरज तुमच्यापासून लांब नाही. श्वासातून औषध ओढायचा पंप दिला तर घाबरू नका, पंपाची 'सवय लागते' ही खोटी भीती आहे, त्यात औषध अगदी थोडं लागतं आणि ते थेट जागेवर जातं. मी वैद्य असून सांगतोय. आणि खोकला सलग दोन आठवड्यांच्या वर गेला, वजन घटलं, बारीक ताप राहिला, तर सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी फुकट होते, ती चुकवू नका. धुरी देतात त्या वेळी शेडच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा आणि मुलाची झोपायची खोली शक्य असेल तर पलीकडच्या अंगाला करा. या एका बदलाने कदाचित तुमच्या सगळ्या काढ्यांपेक्षा जास्त फरक पडेल.

श्वास लागला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले, तर फोन-व्हिडिओ काही न करता सरळ दवाखाना गाठा.

तुमच्या घरच्यांची एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. सकाळच्या उजेडात, दारात बसवून, प्रत्येकाच्या नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर बघा. ती निळसर-करडी दिसते का? हिरड्या करड्या आहेत का? कपाळ, गाल, हाताची पाठ, म्हणजे उन्हात असणारी जागा, झाकलेल्या जागेपेक्षा राखाडी वाटते का? तीन आठवड्यांत बहुधा काही दिसणार नाही. दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवताना चांदीचं पाणी घेत होतो हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर निळेपणा बघून ते हृदय नाहीतर फुप्फुसाच्या मागे लागतील, आणि बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र मात्र आकडा चांगला दाखवत राहील. चांदी 'काढून टाकण्यासाठी' एरंडेल, विरेचन, तुरटीचं पाणी असलं काही करू नका. त्याने चांदी निघत नाही, मुलगा मात्र अशक्त होईल.

सासूबाईंची टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ताची, तपासणी गोळी नीट घेऊ लागल्यापासून सहा आठवड्यांनी करा. आत्ता केली तर आकडा गोंधळात टाकेल.

तुमच्या यजमानांवर रागावू नका. मुलाच्या खोकल्याने झोप उडालेल्या बापाने रात्री दोनला जे सापडलं ते करून पाहिलं. पण त्यांना एक विचारा : बॅटऱ्या संपल्यावर मोबाइलचा चार्जर कापून तारा जोडायचा विचार डोक्यात आला होता का? बऱ्याच घरांत पुढची पायरी तीच असते, आणि ओल्या हातांनी, मुलं आजूबाजूला असताना. तो प्रयोग होण्याआधी सामान आवरून ठेवा.

उरलेलं पाणी तुळशीला किंवा गोठ्यात ओतू नका. बाटलीला चिठ्ठी लावून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. रुपयांवर काळा थर चढला असेल आणि कडा खाल्ल्या गेल्या असतील. ते चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, जुन्या नाण्यावरची नक्षी त्याने जाते. साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा आणि आजेसासूबाईंच्या पुरचुंडीत परत ठेवा.